नाव घालायची जागा

सकाळी ६:३०

पितृपक्ष चालू आहे आणि दिवाळी महिन्यावर आली आहे. कंपन्यांना भेटवस्तू आणि नाव छापलेला माल पुरवणाऱ्या आमच्यासारख्यांचे हे फार ओढाताणीचे दिवस. सॅम्पल सगळ्यांना बघायची असतात, भाव सगळ्यांना लगेच हवा असतो, पण पीओ, म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर, मात्र घटस्थापनेनंतर. यंदा, म्हणजे २०२५ साली, त्यात जीएसटीची भर पडली आहे. ३ सप्टेंबरला कौन्सिलने नवे दर ठरवले आणि ते लागू होणार २२ तारखेपासून, नेमके घटस्थापनेच्याच दिवशी. त्यामुळे पितृपक्ष न मानणारेही थांबले आहेत.

फोनवर रात्रीतून आलेले लोगो पाहिले. एक जेपेग, एक वर्डच्या फाइलमध्ये चिकटवलेला, एक चक्क कोणाच्या तरी व्हिजिटिंग कार्डाचा फोटो. तिघांनाही एकच निरोप पाठवला: ओपन फाइल द्या, सीडीआर किंवा एआय, आणि रंगाचा पँटोन नंबर. स्क्रीनवरचा रंग प्रकाशाचा असतो, प्रत्येक फोनवर वेगळा दिसतो. छापणारा शाई कालवून रंग तयार करतो, त्याला नंबर लागतो. ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगितली तर पुढे "आमचा लाल असा नाही हो" हा संवाद टळतो.

सकाळी ८:१५

गोडाऊनला जेवणाच्या डब्यांची तीन सॅम्पल आली होती. तिन्ही चकचकीत, तिन्हींच्या पुठ्ठ्यावर "३०४ ग्रेड". चाकणच्या मीटिंगला यातला एकच न्यायचा होता.

स्टीलला लोहचुंबक लावून बघायची सवय बऱ्याच जणांना असते. चुंबक चिकटला नाही की स्टील चांगलं, असं समजतात. पण २०१ ग्रेडच्या स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही, आणि बाजारात ३०४ म्हणून खपवलं जातं ते बहुतेक वेळा हेच. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. निकेल महाग, म्हणून २०१ मध्ये ते कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. लोणचं, कोकम, ताक अशी आंबट वस्तू रोज ठेवली की फरक कळतो, तोवर बिल चुकतं झालेलं असतं.

आमच्याकडे तपासणीची एक छोटी बाटली आहे. डब्याच्या तळाला द्रावणाचा एक थेंब टाकायचा आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीची दोन टोकं लावून काही सेकंद धरायची. पहिल्या डब्यावर थेंब तसाच फिकट राहिला. दुसऱ्यावर बघता बघता लालसर झाला. तिसऱ्यावर तर टोकं टेकताच लाल. पोरांना तो रंग बघायला बोलावलं, कारण पुढचा लॉट उतरेल तेव्हा मी इथे नसेन, त्यांनाच प्रत्येक खोक्यातला एखादा डबा काढून हे करायचं आहे. पहिल्या डब्याच्या तळाला आयएसआयची खूणही होती. २०२४ च्या क्वालिटी कंट्रोल ऑर्डरनंतर स्टीलच्या भांड्यांना ती सक्तीची झाली आहे. झाकणाची पकड घट्ट, कडा हाताला न लागणारी. तोच पिशवीत घेतला. वर सोलापूरहून मागवलेली चादर ठेवली आणि निघाले.

सकाळी १०:४५, चाकण

गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना. यंदा त्यांना पंचवीस वर्षं होतायत, म्हणून दिवाळीची भेट नेहमीपेक्षा बरी द्यायची असं ठरलेलं. समोर एचआरच्या मॅडम, परचेसचे साहेब आणि मार्केटिंगमधला एक तरुण मुलगा. मुलाने लॅपटॉप उघडून चित्र दाखवलं: काळी पॉवर बँक, तिच्यावर मधोमध कंपनीचा मोठा लोगो, खाली इंग्रजीत "पंचवीस वर्षं उत्कृष्टतेची" अशा अर्थाची ओळ. माणशी बजेट १,५०० रुपये, संख्या ६४०.

पॉवर बँक वाईट वस्तू नाही. पण ती घ्यायची तर बीआयएसची नोंदणी असलेलीच घ्यावी लागते आणि चांगलीचा भाव चढा असतो. आतली बॅटरी लिथियमची, त्यामुळे बाहेरगावच्या डीलरांना विमानाच्या कुरिअरने पाठवताना नियम आडवे येतात. आणि दोनेक वर्षांनी बॅटरी थकली की ती वस्तू खणात जाते, कंपनीच्या नावासकट. हे मी सांगितलं. मग विचारलं, "६४० म्हणजे कायम कामगार आणि स्टाफ ना? कंत्राटी मुलं किती?"

साहेब म्हणाले, "नऊशेच्या आसपास. पण त्यांना त्यांचा कॉन्ट्रॅक्टर मिठाईचा पुडा देतो. ते आमच्या यादीत नाहीत."

मी अनेक कारखान्यांत दिवाळीच्या आधी माल उतरवते तेव्हा गेटवर उभी असते. शिफ्ट सुटते, एकाच गेटमधून सगळे बाहेर येतात, एकाच बसमध्ये बसतात. निम्म्यांच्या हातात मोठी पिशवी आणि उरलेल्यांच्या हातात पाव किलोचा पुडा. ज्यांच्याकडे पिशवी आहे तेही ती पायाशी सरकवून ठेवतात. पंचवीस वर्षांचा आनंद म्हणून जी वस्तू दिली, तिनेच त्या बसमध्ये दोन रांगा केलेल्या असतात. माझ्या मते कंपनीने यापेक्षा काहीही न देणं बरं.

म्हणून टेबलावर कागद ओढून हिशेब मांडला. ६४० गुणिले १,५०० म्हणजे ९ लाख ६० हजार. कंत्राटी धरून संख्या १,५४०. माणशी ६२० रुपयांत एक सोलापुरी चादर आणि एक ३०४ चा डबा बसतो. बेरीज ९ लाख ५४ हजार ८००. पैसे तेवढेच, माणूस एकही वगळायचा नाही.

मॅडमनी कागद जवळ ओढला. साहेब म्हणाले, "मॅनेजमेंटला विचारावं लागेल."

मग चादर उलगडली. या कारखान्यातली पोरं बीडची, लातूरची, बुलढाण्याची. दिवाळीला एसटीने गावी जातात. मिक्सरचं खोकं मांडीवर घेऊन सात-आठ तास प्रवास करणारा मुलगा मी पाहिलाय. चादर सॅकमध्ये जाते, डब्यात वाटेचा फराळ जातो. आणि गावी आई जेव्हा वस्तू हातात घेते तेव्हा ती संक्रांतीचं वाण बघावं तशीच बघते: जड आहे का, टिकेल का, घरात लागेल का. लोगोकडे तिचं लक्ष सगळ्यात शेवटी जातं. सोलापुरी चादरीला तिला नव्याने ओळखावं लागत नाही. तिथल्या चादरीला आणि टेरी टॉवेलला जीआय मानांकन आहे हे तिला माहीत असायची गरज नाही, तिच्या घरात एक जुनी चादर अजून टिकून असते.

मार्केटिंगचा मुलगा म्हणाला, "मग लोगो मधोमध घेऊ. चादर मोठी आहे, छान दिसेल."

हा प्रश्न प्रत्येक मीटिंगमध्ये येतो आणि दर वेळी मी त्यावर जितका वेळ लागेल तितका देते, कारण सगळं काम इथेच बिघडतं. चादरीवर फूटभर लोगो आला की ती पाहुण्यांपुढे अंथरली जात नाही, मग ती गॅलरीत धान्य वाळवायला जाते. आपल्या घरांतल्या भिंतींकडे बघा म्हटलं. जयंत साळगावकरांनी १९७३ साली 'कालनिर्णय' सुरू केलं, तेव्हापासून कॅलेंडर ही मराठी घरातली रोजची वस्तू. पतसंस्था, सराफ, किराणावाले आपली कॅलेंडरं वाटतात. त्यांतलं कोणतं वर्षभर खिळ्यावर राहतं? ज्यात तिथी-वार ठळक, दुधाचा हिशेब लिहायला चौकटीत जागा, आणि दुकानाचं नाव खाली पट्टीत. ज्यावर मालकाचा फोटोच अर्धं पान खातो, ते गुंडाळलेलंच राहतं. पट्टीतलं नाव मात्र बारा महिने रोज वाचलं जातं.

शेवटी ठरलं ते असं. चादरीच्या एका कोपऱ्याला दोन इंच बाय एक इंचाचं विणलेलं लेबल, त्यात कंपनीचं नाव आणि वर्षं. चादरीतच नाव विणून घेता येतं, जकार्डवर ते होतं, सोलापूरचे कारखानदार स्वतःचं नाव तसंच विणतात. पण त्यासाठी नक्षी नव्याने बसवावी लागते आणि एवढ्या दिवसांत ते जमणार नाही. डब्याच्या झाकणावर कामगाराचं स्वतःचं नाव, कंपनीचा लोगो तळाला. कँटीनच्या रॅकवर एकसारखे शेकडो डबे लागले की नावाचाच उपयोग होतो.

मुलगा थोडा नाराज झाला. "मग आमचं ब्रँडिंग?" मी त्याला झाकण उघडून तळ दाखवला. "डबा कोण धुतं? रोज धुताना तळ कोणाच्या हातात येतो?" तो हसला, आणि त्याने लॅपटॉपवर झाकणाचा नवा मॉकअप स्वतःच करायला घेतला.

साहेबांचा शेवटचा मुद्दा कराचा, आणि तो रास्त होता. भेट म्हणून फुकट दिलेल्या मालावरचं इनपुट क्रेडिट कंपनीला मिळत नाही, सीजीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये तसं स्पष्ट आहे. म्हणजे बिलावरचा कर हा पूर्ण खर्चच. स्टीलच्या घरगुती भांड्यांवरचा दर २२ तारखेला १२ वरून ५ टक्क्यांवर येतोय. म्हणून डब्याचं बिल २२ नंतरचं, हे दोघांनीही न बोलता मान्य केलं. चादरीवर आधीही ५ टक्केच होते.

मॅनेजमेंटकडून काय येतं ते संध्याकाळी कळवते, असं मॅडम म्हणाल्या.

दुपारी १:१५

नाशिक रस्त्यावर गाड्या जागच्या जागी. तेवढ्यात एका औषध कंपनीच्या माणसाचा फोन: डॉक्टरांना द्यायला डिनर सेट, दोनशे नग. मी भाव दिला नाही. २०२४ च्या मार्चमध्ये औषध कंपन्यांसाठी जी आचारसंहिता आली तिच्यात डॉक्टरांना वैयक्तिक भेटवस्तू बंद आहेत. पुस्तक, कॅलेंडर, डायरी, शिकवण्याच्या कामाचं मॉडेल असं चालतं, तेही नगामागे हजार रुपयांच्या आत. त्याआधी २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानेही अशा भेटींचा खर्च कंपनीला करातून वजा मागता येणार नाही असा निकाल दिला होता. मी त्याला डायरीचे तीन नमुने पाठवते म्हटलं. त्याला नियम माहीत होता, मी करून देते का एवढंच बघायचं होतं, असं वाटलं. रुग्णाच्या चिठ्ठीशी ज्या वस्तूचा संबंध लागू शकतो ती मला विकायची नाही.

दुपारी २:३०, भोसरी

लेसरवाल्या दादांकडे डबा दिला. पावडर कोटिंगच्या बाटलीवर काम सोपं असतं: लेसर वरचा रंग उडवतो, खालचं स्टील दिसतं, अक्षर तयार. साध्या चकचकीत स्टीलवर तसं नाही. किरण जोरात मारला तर अक्षर खोल आणि ठसठशीत येतं, पण स्टीलचा गंजरोधक थर तिथे जळतो आणि काही महिन्यांत अक्षराच्या कडेने तांबूस दिसू लागतं. म्हणून ताकद कमी ठेवायची, किरण हळू फिरवायचा, पृष्ठभाग फक्त तापून काळा पडेल इतकाच. वेळ जास्त लागतो. वेळ जास्त म्हणजे नगामागे दर जास्त, आणि दादा ते लपवत नाहीत हे मला आवडतं.

पहिलं नाव चाचणीसाठी "शिंदे" घातलं. अक्षराची उंची चार मिलिमीटर. झाकण हातात घेऊन दादा म्हणाले, "ताई, टिंब भरतंय." भिंगाखाली पाहिलं. वेलांटीच्या टोकाला चिकटून अनुस्वार एक डाग झाला होता, नाव "शिदे"सारखं वाचलं जात होतं. रोमन अक्षरं चार मिलिमीटरला आरामात उठतात. देवनागरीला वर मात्रा, टिंब, रफार आणि खाली उकार, सगळं सांभाळायचं असतं, म्हणजे मधल्या अक्षराला जागा निम्मीच उरते. उंची सात केली. टाइपही बदलला, ज्यात रेघ सगळीकडे एकाच जाडीची आणि टिंब वेलांटी-मात्रेपासून सुटं आहे असा घेतला. दुसऱ्या झाकणावर "शिंदे" स्वच्छ उठलं. मग मुद्दाम अवघड नावं: "कुऱ्हाडे", "गुंड्रे", "सूर्यवंशी". शेवटचं दोन ओळींत बसवावं लागेल असं वाटलं होतं, पण झाकणाच्या व्यासात मावलं.

शेजारच्या गाळ्यात भरतकामाची मशिनं. तिथे दुसऱ्या गिऱ्हाइकाचे टेरी टॉवेल चालू होते. टॉवेलच्या लवेत टाका सरळ मारला तर तो आत बुडतो आणि अक्षर खाल्ल्यासारखं दिसतं. म्हणून वर पाण्यात विरघळणारी पातळ फिल्म ठेवून टाके मारतात, नंतर पाण्याचा हात फिरवला की ती जाते आणि दोरा वर बसून राहतो. एका मुलीने फिल्मशिवायचा आणि फिल्मसहचा असे दोन तुकडे जपून ठेवलेत, नवीन गिऱ्हाइकाला दाखवायला. मी तिच्याकडून एक जोडी मागून घेतली.

दुपारी ४:४५, शनिवार पेठ

स्क्रीन प्रिंटिंगवाले काका. हिंजवडीच्या एका आयटी कंपनीचे टी-शर्ट, गडद निळ्यावर केशरी लोगो. गडद कापडावर केशरी शाई थेट मारली तर ती मातकट दिसते. आधी पांढऱ्याचा हात द्यावा लागतो, तो गरम दिव्याखाली जेमतेम सुकवायचा, बोटाला चिकटणार नाही इतपतच, आणि त्यावर केशरी. जास्त सुकला तर वरचा रंग धरत नाही. शेवटी सगळा शर्ट साधारण १६० अंशांच्या भट्टीतून निघतो तेव्हा शाई कापडाशी एकजीव होते. काकांनी एक शर्ट घेतला, लोगोच्या दोन बाजूंना अंगठे ठेवून कापड ताणलं. तडा नाही. तरी ते म्हणाले, "उद्या दोनदा धुऊन मगच हो म्हणीन."

हा लोगो बाहीवर आहे, छातीवर नाही. कंपनीने पोरांना विचारलं होतं, आणि पोरांनी सांगितलं की बाहीवर असेल तर सिंहगडावरही घालू. असं विचारणारी कंपनी क्वचित भेटते.

संध्याकाळी ६:३०

ऑफिसात नावांची यादी. चाकणच्या कंपनीच्या पगारपत्रकातून आलेली, सगळी इंग्रजी कॅपिटलमध्ये. आमच्याकडची मुलगी ती देवनागरीत उतरवत होती आणि प्रत्येक पाचव्या नावाला अडत होती. "ताई, हे काळे की काले? घुले की घुळे? पाटोळे की पटोले?" अंदाजाने लिहायचं नाही, हा आमचा नियम आहे. माणसाच्या डब्यावर त्याचंच नाव चुकलं तर ती भेट राहत नाही. म्हणून यादीच्या शेजारी रिकामा रकाना ठेवून ती परत पाठवायची, सुपरवायझरने प्रत्येकाकडून ज्याचं त्याचं नाव त्याच्याच अक्षरात लिहून घ्यायचं. वेळ जातो. तो मी भाव देतानाच धरलेला असतो.

सोबतच्या कार्डाचा मजकूरही आला होता: "दिपावलीच्या हार्दीक शुभेच्छा". दीपावली, हार्दिक. दुरुस्त करून अक्षरं कर्व्हमध्ये बदलून प्रेसला पाठवलं, नाहीतर त्यांच्या मशिनवर फाँट नसला की जोडाक्षरं फुटतात.

रात्री ८:४०

मॅडमचा फोन. आवाजावरूनच कळलं. "एकच यादी होईल. १,५४०. कॉन्ट्रॅक्टरकडून नावं मी स्वतः मागवते. पण पीओ २२ लाच, आणि वाटप १५ ऑक्टोबरच्या आत."

मी सोलापूरला फोन लावला. मालक घरी होते, मागे टीव्ही आणि तेलुगूतलं बोलणं ऐकू येत होतं. आकडा सांगितला तसे म्हणाले, "ताई, पीओ?" म्हटलं, घटस्थापनेला येईल, सूत आज धरा, माझ्या शब्दावर. रंग चार, प्रत्येकाचे साधारण सारखे नग, म्हणजे वाटताना कोणाला निवडीचा हट्ट करायला नको. लेबल कोपऱ्याला उजवीकडे, चारी बाजूंनी शिवलेलं, नुसतं वरून टाचलेलं नको, धुण्यात उकलतं. ई-वे बिल चाकणच्या पत्त्यावर. ते लिहून घेत होते. मग म्हणाले, "पंधराशे चाळीस म्हणता, तर पंधराशे साठ विणतो. वीस वर ठेवा. कारखान्यात ऐन वेळी कोणीतरी नवीन लागलेला असतोच."

डबेही वीस जास्त मागवले. त्यांची झाकणं कोरी ठेवायला दादांना सांगितलं.